पंचांग बदलले तरी भरती तीच

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशोब कोळी, नावाडी आणि खाडीकाठचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची आणि येईल तो आकडा घड्याळाची वेळ समजायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि द्वादशीला नऊ वाजता पाणी पूर्ण भरते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ हा भेदही त्यात करावा लागत नाही. हा हिशोब संगणकाला शिकवायचा झाला तर एका ओळीचे फंक्शन पुरते: आत तिथी जाते, बाहेर वेळ येते. असा लहान, सुटा तुकडा ठरावीक आदानावर अपेक्षित उत्तर देतो की नाही हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम म्हणजे युनिट टेस्ट.

‘चतुर्थी दिली की तीन यावेत’ ही एक टेस्ट झाली. अष्टमीसाठी दुसरी, द्वादशीसाठी तिसरी, अशा टेस्ट लिहीत गेल्यास तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला जातो आणि पुढे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती बाकीच्या ठिकाणी करायची राहून जाते. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पॅरामीटराइज्ड टेस्ट. तपासणीची कृती एकदाच लिहायची, बदलणाऱ्या गोष्टींना प्राचले, म्हणजे पॅरामीटर, करायचे, आणि आदान व अपेक्षित उत्तर यांच्या जोड्या तक्त्यात मांडायच्या, की प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट म्हणून चालते व नापास झाली तर आपल्या नावाने नापास होते. जावा भाषेच्या जेयुनिट या साधनात ही सोय २००६च्या चौथ्या आवृत्तीत आली आणि २०१७च्या पाचव्या आवृत्तीत ती अधिक सुटसुटीत झाली. पायथनवाल्यांकडे पायटेस्ट आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील निकोलाय टिलमन आणि वोल्फ्राम शुल्ट यांनी २००५ साली याच नावाखाली अधिक महत्त्वाकांक्षी कल्पना मांडली होती. त्यांच्या लेखी पॅरामीटराइज्ड युनिट टेस्ट ही कोणत्याही आदानासाठी खरे ठरावे असे एक सर्वसाधारण विधान होते, आणि ते खोटे पाडणारी आदाने शोधून काढणे हे यंत्राचे काम होते. रोजच्या वापरात मात्र तक्ता उरला आणि विधान मागे पडले. बहुपर्यायी सॉफ्टवेअरच्या चाचणीत आज जो गोंधळ दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या विसरण्यात आहे.

बहुपर्यायी म्हणजे वापरणाऱ्याच्या किंवा बसवणाऱ्याच्या निवडीनुसार वेगळे वागणारे. उदाहरणादाखल किनाऱ्यावरच्या जेट्टींसाठी भरतीची आणि लाँचची वेळ दाखवणारे एक काल्पनिक सॉफ्टवेअर घेता येईल. त्यात मांडवा, रेवस, आगरदांडा आणि दिघी अशी चार ठिकाणे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा. देवनागरी किंवा रोमन अंक. बारा किंवा चोवीस तासांचे घड्याळ. अमान्त किंवा पौर्णिमान्त महिना. आणि पावसाळी किंवा एरवीचे वेळापत्रक, कारण पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. कोणत्याही मोबाइल ॲपच्या सेटिंगमध्ये याहून कितीतरी जास्त पर्याय असतात. तरीही या सहा पर्यायांच्या संयोगांचा गुणाकार १९२ होतो, आणि त्यात दोनच किमतींचे आणखी तीन पर्याय मिसळले तर तो १,५३६वर जातो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. त्यांचे सगळे संयोग तपासणे कोणत्याही यंत्राला कधीही शक्य नाही.

या गुणाकाराने घाबरून दोन टोके गाठली जातात. काही जण मूळ, म्हणजे डिफॉल्ट, सेटिंगवर सगळ्या टेस्ट चालवतात आणि बाकीचे पर्याय देवावर सोडतात. काही जण प्रत्येक प्राचलाच्या प्रत्येक किमतीची सरमिसळ करणारी एक ओळ लिहून हजारो टेस्ट जन्माला घालतात, आणि त्या हजारांना अपेक्षित उत्तर पुरवण्यासाठी टेस्टच्या आतच ‘भाषा मराठी असेल तर हे, नाहीतर ते’ असा हिशोब मांडतात. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक फसवा म्हणावा लागेल, कारण टेस्टमध्ये मांडलेला हिशोब बहुधा त्याच माणसाने, त्याच समजुतीने, मूळ प्रोग्रामकडे पाहत लिहिलेला असतो. दोघे मिळून एकच चूक करतात आणि हिरवा दिवा लागतो. शाळेत शेजाऱ्याच्या वहीवरून उत्तर ताडून पाहणाऱ्या मुलाला जेवढी खात्री मिळते, तेवढीच ही.

किती ओळी तपासायच्या, या प्रश्नाआधी एक प्रश्न यायला हवा: कोणता पर्याय बदलल्यावर काय बदलले पाहिजे आणि काय मुळीच बदलता कामा नये? कोकणातल्या वाचकाला याचे उत्तम उदाहरण घरातच सापडेल. बहुतेक घरांत दाते किंवा कालनिर्णय यांच्याप्रमाणे सण होतात, तर काही घरांत टिळक पंचांग चालते. या पंचांगांत अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे मानायचा याचे मान, सुमारे चार अंशांनी वेगळे आहे, आणि त्यामुळे सूर्याच्या राशिसंक्रमणाच्या तारखा काही दिवसांनी सरकतात. एरवी याचा कुणाला पत्ताही लागत नाही, परंतु संक्रांतीशिवाय जाणाऱ्या चांद्रमासाला अधिक मास म्हणत असल्यामुळे काही वर्षी दोन पंचांगांत अधिक मास वेगवेगळा येतो, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरचा गणपती एक महिना आधी बसतो. पंचांगाचा पर्याय आणि वर्ष ही दोन प्राचले एकत्र आली की मगच फरक उघडा पडतो. दोन्ही सुटी सुटी तपासणाऱ्याला तो दिसत नाही. बहुपर्यायी सॉफ्टवेअरमधले बग अगदी असेच लपून बसतात.

मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांतील, म्हणजे राशिचक्रावरील स्थानांतील, अंतर, बारा अंशांना एक तिथी. आणि दोघांच्याही भोगांतून एकच अयनांश वजा होत असल्यामुळे अंतर काढताना तो आपोआप उडून जातो. म्हणून पंचांगाचा अयनांश बदलला तर महिन्याचे नाव बदलेल, गणपती बसण्याचा दिवस महिन्याने सरकेल, पण त्या दिवशीची तिथी आणि म्हणून खाडीतली भरती तसूभरही हलणार नाही. अमान्त-पौर्णिमान्त या पर्यायाचेही तसेच: कृष्ण पक्षातील महिन्याचे नाव तेवढे बदलते. भाषा, अंक, घड्याळाची पद्धत यांचा तर समुद्राशी संबंधच नाही. वरच्या काल्पनिक सॉफ्टवेअरसाठी सगळ्यात मोलाची टेस्ट कोणती, तर ही: ठिकाण आणि तिथी कायम ठेवून बाकीचा कोणताही पर्याय बदलला तरी भरतीची मिनिटे बदलता कामा नयेत. या टेस्टला अपेक्षित उत्तराचा रकाना लागत नाही. दोन उत्तरे एकमेकांशी जुळली की पुरे. अशा तपासणीला टी. वाय. चेन यांनी १९९८ साली मेटामॉर्फिक टेस्टिंग हे नाव दिले. योग्य उत्तर ठाऊक नसले तरी उत्तरांमधला संबंध ठाऊक असतो, आणि तपासायला तो संबंध पुरतो, हा त्यामागचा विचार.

हा संबंध किती धारदार हत्यार आहे, ते पाऊणपटीच्या हिशोबावरच पाहता येते. बहुतेक छापील पंचांगांत तिथी पक्षागणिक एक ते पंधरा अशी मोजतात, पण संगणकाला ती शुक्ल प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत एक ते तीस अशी मोजणे सोयीचे पडते. समजा सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही पद्धती पर्याय म्हणून आहेत. कृष्ण अष्टमी पहिल्या पद्धतीत ८, दुसऱ्या पद्धतीत २३. तिथीमागे पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे धरली तर पहिल्या पद्धतीने सहा वाजतात आणि दुसरीने सव्वासतरा तास, म्हणजे बारा वजा करून सव्वापाच. एकाच दिवसाच्या, एकाच खाडीच्या भरतीच्या दोन वेळा, पाऊण तासाच्या अंतराने. मोजण्याची पद्धत बदलल्याने समुद्र बदलत नाही, तेव्हा चूक गुणकात असली पाहिजे. ती तशीच आहे. एका पक्षाच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाची बारा तासांची एक फेरी पूर्ण करते. ७२० मिनिटांना पंधराने भागले की तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे येतात. ४८ धरल्यास आठव्या तिथीला ६ वाजून २४ मिनिटे आणि तेविसाव्या तिथीला १८ वाजून २४ मिनिटे, म्हणजे पुन्हा तीच वेळ. भरती-ओहोटीचे कोष्टक न पाहता, केवळ दोन पर्यायांची उत्तरे शेजारी ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या सूत्रातली तीन मिनिटांची खोट सापडते.

कोळ्यांच्या हिशोबाची चेष्टा करण्याचे मात्र कारण नाही. तोंडाने करायच्या हिशोबाला पाऊणकी सोपी, ४८ मिनिटे अवघड. खरी भरती वारा, ठिकाण आणि उधाण-भांग यांनुसार तशीही मागेपुढे होते, आणि होडी पाण्यावर असलेल्या माणसाला पाणी डोळ्यांनी दिसतच असते. तीच पाऊणकी यंत्रात गेली, त्या यंत्रावर लाँचचे वेळापत्रक ठरू लागले, की खोट दिसेनाशी होते आणि धोका वाढतो. टेस्ट लिहिणाऱ्याने ‘अर्ध्या तासाचा फरक चालेल’ अशी सवलत ठेवली आणि नमुन्याला चतुर्थी व अष्टमी घेतल्या, तर फरक अनुक्रमे १२ आणि २४ मिनिटांचा, म्हणजे दोन्ही ओळी पास. दशमीला तो बरोबर ३० मिनिटांवर येतो आणि एकादशीपासून हद्द ओलांडतो. पौर्णिमेला पाऊण तास होतो, आणि पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला वेळ एकदम दीड तासाने उडी मारते, कारण सव्वाअकरानंतर पाऊण वाजतो. तक्त्यात मधल्या, सुबक किमती भरण्याची सवय किती महागात पडते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. किमतींच्या कडा, म्हणजे पहिली तिथी, शेवटची तिथी, पक्ष बदलतानाची जोडी, यांच्या ओळी आधी लिहिल्या पाहिजेत आणि मधल्या नंतर. क्षय तिथी आणि वृद्धी तिथी यांच्याही ओळी हव्यात, कारण सूर्योदयाला न सापडणारी तिथी आणि दोन सूर्योदयांना सापडणारी तिथी या वर्षातून अनेकदा येतात आणि ‘दर दिवसाला एक तिथी’ असे गृहीत धरलेला कोड त्यांवर हमखास अडखळतो.

संबंधांनी सगळे भागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दोन्ही उत्तरे सारखीच चुकली तर संबंध टिकतो आणि चूकही टिकते. म्हणून काही ओळींना बाहेरून आणलेले उत्तर लागते, आणि ते प्रोग्रामच्या घराबाहेरचे हवे, जसे भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातले. अशा चार-सहा ओळी हाताने उतरवून, त्यांचा स्रोत ओळीच्या नावातच लिहून ठेवल्या, तर त्या यंत्राने निर्माण केलेल्या हजार ओळींना भारी पडतात.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहासही याच जातीचा आहे. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १८४१पासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे दिसताच वेधशाळा अलिबागला नेण्याचे ठरले आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की कुलाबा लगेच बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, जेणेकरून जागा बदलल्याने पडणारा फरक किती आणि क्षेत्रातला खरा बदल किती, हे वेगळे काढता यावे. एक प्राचल बदलायचे, बाकी सगळे कायम ठेवायचे, आणि जुन्या-नव्याची रांगेने तुलना करायची, ही शिस्त त्या काळच्या वेधशास्त्रज्ञांना कोणी सॉफ्टवेअरच्या पुस्तकातून शिकवलेली नव्हती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आज त्या दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकसंध मालिका म्हणून वापरता येतात, त्या याच दोन वर्षांमुळे.

आता उरतात ते पर्याय, जे खरोखर एकमेकांत गुंततात आणि ज्यांचे संयोग तपासावेच लागतात. येथे गणिताने दिलेली मदत मराठी वाचकाला जवळची वाटेल. चार पर्याय, प्रत्येकाच्या तीन किमती, म्हणजे ८१ संयोग. तरीही कोणत्याही दोन पर्यायांच्या किमतींची प्रत्येक जोडी निदान एकदा तरी तपासली जावी एवढीच अट ठेवली, तर नऊ ओळी पुरतात. कारण तीन बाय तीनचा चौकोन घेऊन त्यात आडवा क्रम हा एक पर्याय, उभा क्रम हा दुसरा, आणि चौकोनात भरलेली अक्षरे व अंक हे तिसरा व चौथा, अशा रीतीने मांडणी करता येते, की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक अक्षर व प्रत्येक अंक एकदाच येतो आणि अक्षर-अंकांची कोणतीही जोडी दोनदा येत नाही. अशा दोन चौकोनांना परस्परलंब लॅटिन चौकोन म्हणतात. १७८२ साली लिओनार्ड ऑयलर यांनी अंदाज केला होता की सहा, दहा, चौदा, अठरा अशा चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या बाजूंचे असे चौकोन अस्तित्वातच नसतात. सहाच्या बाबतीत ते बरोबर असल्याचे गास्तों तारी यांनी १९००च्या सुमारास सिद्ध केले. बाकीचा अंदाज १९५९ साली राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी खोटा ठरवला आणि त्याबद्दल अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यांना ऑयलरचा खेळ बिघडवणारे म्हटले. श्रीखंडे १९१७ साली सागर येथे जन्मले, नागपुरात शिकवले, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोस यांच्याकडे पीएचडी केली आणि मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. २०२० साली वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तारी आणि या तिघांच्या कामाचा अर्थ तक्ता लिहिणाऱ्याच्या भाषेत असा: प्रत्येकी सहा किमतींचे चार पर्याय ३६ ओळींत कधीच बसणार नाहीत, पण प्रत्येकी दहा किमतींचे चार पर्याय १०० ओळींत बसतात.

शुद्ध गणितातून चाचणीकडे ही वाट पुढे सुमारे अडीच दशकांनी वळली. रॉबर्ट मँडल यांनी १९८५ साली एडा या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, तपासण्यासाठी परस्परलंब लॅटिन चौकोन वापरले. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम केलेले आणि १९८९ साली मजबूत रचनेवर गाजलेले पुस्तक लिहिणारे माधव फडके यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली स्टारमेल या ई-मेल व्यवस्थेच्या चाचणीला हीच पद्धत लावली. वरच्या जेट्टीच्या सॉफ्टवेअरलाही ती लागू पडते: चार ठिकाणे आणि तीन भाषा यांच्या बारा जोड्या तर हव्यातच, आणि त्याच बारा ओळींत अंक, घड्याळ, महिना, हंगाम यांच्या सगळ्या जोड्या बसवता येतात. १९२ऐवजी बारा.

यावर जेम्स बाख आणि पॅट्रिक श्रोडर यांनी २००४ साली घेतलेला आक्षेप मात्र विसरता येत नाही. जोड्यांची पद्धत सर्वोत्तम म्हणून मिरवली जाते, परंतु जोड्या कोणत्या प्राचलांच्या आणि कोणत्या किमतींच्या हे ठरवण्याचे काम ती करत नाही. चुकीच्या किमती घेतल्या तर जोड्या सुबक आणि तपासणी पोकळ. त्याच वर्षी रिचर्ड कून, डोलोरेस वॉलेस आणि अल्बर्ट गॅलो यांनी वैद्यकीय उपकरणांपासून ब्राउझरपर्यंत निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या प्रत्यक्ष बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुसंख्य बिघाड एक किंवा दोन प्राचलांमुळे उद्भवलेले आढळले, पण काहींना तीन-चार, आणि जास्तीत जास्त सहा लागली. जोड्यांवर थांबायचे की तीन-तीनांचे गट घ्यायचे, हे त्या सॉफ्टवेअरवर कोणाचा जीव अवलंबून आहे यावर ठरावे. गणपतीची तारीख चुकली तर भटजींना फोन जाईल. रो-रो बोटीला खाडीत पाणी नसताना पाणी आहे असे दाखवले गेले तर प्रकरण वेगळे.

कोणत्या किमती घ्यायच्या, या प्रश्नात मराठीचा एक स्वतःचा धडा आहे आणि तो बहुतेक परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंचात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत. जावाने २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून हा संच मूळ मानला. अँड्रॉइडवरही फोनची भाषा मराठी केली की संख्येचे अक्षरात रूपांतर करणारे नेहमीचे फंक्शन ६:२४ अशी देवनागरी वेळ देते. पडद्यावर हे अगदी योग्य, किंबहुना आनंदाचे. पण तेच फंक्शन वापरून प्रोग्रामरने सर्व्हरला पाठवायची वेळ तयार केलेली असते, आणि माहितीच्या देवाणघेवाणीच्या जेसन या पद्धतीत देवनागरी अंक संख्या म्हणून ग्राह्य नसतात. परिणामी ॲप इंग्रजीत उत्तम चालते, हिंदीतही बहुधा चालते, आणि मराठी निवडणाऱ्यालाच कोसळते. लिहिणाऱ्याच्या संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजी असल्याने त्याला हे कधीच दिसत नाही. येथे गुंतलेली प्राचले भाषा आणि मजकुराचा वाचक, माणूस की यंत्र, ही आहेत, आणि दुसरे प्राचल सेटिंगच्या यादीत नसल्याने जोड्यांच्या तक्त्यातही येत नाही. ते तक्त्यात आणायला यंत्राचा उपयोग नाही. भाषा वापरणारा माणूस लागतो. ‘पडद्यावरचे अंक भाषेप्रमाणे बदलावेत, पाठवलेले अंक कोणत्याही भाषेत तेच राहावेत’ हे विधान पुन्हा भरतीच्या विधानासारखेच आहे.

न तपासलेल्या पर्यायाचे काय होते, याचा सर्वांत गाजलेला दाखला २०१४च्या एप्रिलमध्ये मिळाला. इंटरनेटवरील गुप्त संवादासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. दोष ज्या सोयीत होता ती वगळून प्रोग्राम बांधण्याचा पर्याय उपलब्ध होता, पण ती सोय फारशी कोणाला लागत नसूनही मूळ सेटिंगमध्ये चालू होती. याहून बोलका तपशील त्यानंतर पुढे आला. ओपनएसएसएल स्मृतीचे मोकळे तुकडे स्वतःच साठवून पुन्हा वापरत असे, आणि ही साठवण बंद करण्याचाही पर्याय दिलेला होता. तो पर्याय निवडून पाहिला तेव्हा प्रोग्राम धड चालेना, कारण एका ठिकाणी सोडून दिलेली स्मृती जशीच्या तशी परत मिळेल असे कोडने गृहीत धरले होते. पर्याय कागदोपत्री होता, पण तो निवडून कोणी प्रोग्राम चालवून पाहिलेला नव्हता. एका ओळीची पॅरामीटराइज्ड टेस्ट, साठवण चालू आणि साठवण बंद, एवढ्याने हा दुसरा दोष वर आला असता.

अशा प्रसंगी तक्ता वाढवा, असा सल्ला दिला जातो. अधिक प्रामाणिक सल्ला अनेकदा उलटा असतो. तक्त्यात ज्या पर्यायाची ओळ लिहिण्याची कोणाची तयारी नाही, तो पर्याय सेटिंगमधून काढून टाकावा. ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलपासून फारकत घेऊन लिबरएसएसएल उभारले, तेव्हा त्यांनी प्रथम केलेल्या कामांत ही स्वतःची साठवण काढून टाकणे होते. जेट्टीच्या काल्पनिक सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावता येतो: तिथी मोजण्याच्या दोन पद्धती वापरणाऱ्यापुढे ठेवण्याचे कारणच नाही, आतून एकच वापरली की गोंधळाचे एक मूळ कमी होते आणि ओळींची संख्या निम्मी होते. याउलट भाषेचा पर्याय काढता येत नाही आणि काढू नये. म्हणून मराठीचा पर्याय देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या टेस्टच्या तक्त्यात निदान दोन ओळी आजच लिहाव्यात: एक पौर्णिमेची, आणि एक फोनची भाषा मराठी ठेवून सर्व्हरला वेळ पाठवण्याची.